एक वाटी, तीन मांजरं, एक कुत्रा: सोन्याचं वजन का उतरत नव्हतं

पार्श्वभूमी

घरात माणसं चार आणि जनावरं चार. ताई, त्यांचे पती, बारा वर्षांची मुलगी आणि आजी. शिवाय तीन मांजरं आणि एक कुत्रा. ओळख पटू नये म्हणून नावं बदलली आहेत, जनावरांचीही.

सोन्या सहा वर्षांचा बोका. आठ महिन्यांचा असताना त्याची नसबंदी झाली आणि तेव्हापासून तो भरतच गेला. यात नवल नाही. नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटते, भूक मात्र वाढते, आणि वाटी पूर्वीइतकीच भरली जाते. माई तेरा वर्षांची, या घरात सगळ्यांच्या आधी आलेली लांब केसांची मांजरी. टिकली दोन वर्षांची, अंगाने चपळ आणि स्वभावाने बुजरी. शेरू नऊ वर्षांचा, मध्यम चणीचा कुत्रा, कुणाच्या अध्यात नाही आणि मध्यात नाही, पण उष्टं दिसलं की लगेच हजर.

मांजरांसाठी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकच पसरट वाटी होती, कोरड्या खाण्याची. तिचा तळ दिसला की ज्याला दिसेल त्याने ती भरायची. सकाळी ताई भरायच्या, दुपारी आजी, संध्याकाळी मुलगी. कुणी किती भरलं हे दुसऱ्याला माहीत नसायचं. जनावरांवर जीव असलेल्या घरांत हे असंच चालतं. भरलेली वाटी बघून माणसालाच बरं वाटतं.

पहिली भेट

माझ्याकडे ताई एकट्या सोन्यालाच घेऊन आल्या. वजन भरलं ७.२ किलो. १ ते ९ या श्रेणीत शरीराची ठेवण पाहिली तर तो ८ वर बसत होता. फासळ्या हाताला लागत नव्हत्या, वरून पाहिलं तर कंबर दिसत नव्हती, पोटाखालची चरबी चालताना हलत होती. या श्रेणीत ५ म्हणजे योग्य, आणि त्यावरचा प्रत्येक गुण म्हणजे ढोबळमानाने १० ते १५ टक्के जादा वजन. त्या हिशेबाने सोन्याचं योग्य वजन साधारण साडेपाच किलो ठरलं. रक्तातली साखर ठीक होती. ती बघणं गरजेचंच होतं, कारण लठ्ठ बोक्यांना मधुमेहाचा धोका बराच जास्त असतो.

ताई म्हणाल्या, "डॉक्टर, तीन आठवडे झाले, आम्ही वाटी निम्मीच भरतोय हो. तरी हा उतरत नाही."

हे वाक्य मी ऐकलं आणि पुढे गेले. तिथे थांबायला हवं होतं. वाटी निम्मी झाली, पण कुणाची? तीन मांजरांची मिळून एक वाटी असेल तर ती निम्मी केल्यावर जो दांडगा आहे तो आपला वाटा आधी उचलतो आणि तूट दुबळ्यांच्या वाट्याला येते. सोन्याच्या पोटात पूर्वीइतकंच जात होतं. कमी पडत होतं ते बाकीच्या दोघींना.

मी नेहमीची आकडेमोड केली. मांजराची विश्रांतीच्या अवस्थेतली ऊर्जेची गरज काढायचं सूत्र सोपं आहे: किलोतल्या वजनाचा ०.७५ घात, गुणिले ७०. साडेपाच किलोला ते सुमारे २५० किलोकॅलरी येतं. वजन उतरवायचं असेल तर त्याच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करतात, म्हणजे दिवसाला २०० किलोकॅलरी. त्यांच्या घरच्या कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३६५ किलोकॅलरी होत्या, म्हणजे सोन्याला दिवसभरात ५५ ग्रॅम. मी सांगितलं, याला वेगळं द्या, मोजून द्या. ताईंनी मान हलवली. मीही समाधानाने पुढच्या पेशंटकडे वळले.

पाच आठवड्यांनी

सोन्या ७.३ किलो. शंभर ग्रॅम वाढला होता.

सोन्याची वेगळी वाटी ठेवली होती, ५५ ग्रॅम रोज काट्यावर मोजले जात होते, त्यात कसूर नव्हती. पण बाकीच्या दोघींची जुनी वाटी जिथल्या तिथेच होती. "तिकडे तो जात नाही," असं ताई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं, कारण माणसं जागी असताना तो जात नव्हता.

इथे दोन वाटा होत्या. एक म्हणजे सोन्याचं खाणं आणखी कमी करायचं. वजन उतरलं नाही की बहुतेक वेळा हीच सूचना दिली जाते. ती मी दिली असती तर कागदावर त्याला १७० किलोकॅलरी मिळाल्या असत्या आणि पोटात कितीतरी जास्त गेल्या असत्या. दुसरी वाट म्हणजे घरातलं खाणं नक्की जातं कुठे ते आधी शोधायचं. मी दुसरी धरली. मुलीला सांगितलं की एक पूर्ण दिवस आणि रात्र त्या कोपऱ्याचं फोनवर चित्रण कर. आणि ताईंना सांगितलं की पुढच्या वेळी चारही जनावरं आणा.

माईला टेबलावर ठेवलं तेव्हा मला वाईट वाटलं. केसांचा पिसारा तसाच होता, त्यामुळे लांबून काही कळत नव्हतं, पण पाठीवरून हात फिरवला तर मणका बोटांना टोचत होता. वजन ३.३ किलो. मी तिची फाइल काढली. चौदा महिन्यांपूर्वी लसीकरणाच्या वेळी ती ४.१ किलो होती. आठशे ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. साठ किलोच्या माणसाचे बारा किलो उतरावेत तसं. ही फाइल पहिल्या भेटीच्या दिवशीही माझ्याच कपाटात होती.

"पण माईची तब्येत तर छान आहे," आजी म्हणाल्या. "या वयातही किती खाते ती! सारखी मागते."

म्हातारं मांजर भरपूर खातं आणि तरी वाळत जातं, तेव्हा आधी थायरॉइडचा विचार करायचा. रक्त तपासलं. थायरॉइडच्या संप्रेरकाची, म्हणजे टी-४ ची पातळी वाढलेली होती आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा, सामान्य मर्यादेच्या वरच्या काठावर होतं.

टिकली ३.७ किलो, ठेवण ५, म्हणजे अगदी योग्य. शेरू १४ किलो, थोडा जाड.

वाटीचा हिशेब

चित्रण मी ताई आणि मुलीसोबत बसून पाहिलं. चोरी कधी होते ते कळलंच, पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट दिसली. रात्री अकरानंतर सोन्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर येऊन आडवा पसरला. गुरगुर नाही, पंजा उगारणं नाही. टिकली दारापर्यंत आली, दोन पावलं अलीकडे थांबली, त्याच्याकडे पाहिलं आणि परत गेली. पाऊण तासाने पुन्हा आली, पुन्हा परत गेली. घरच्यांनी हे दृश्य शंभरदा पाहिलं होतं आणि त्यांना ते गोड वाटायचं: "किती शांत पडून असतो बघा." मांजरांचं भांडण बहुतेक वेळा असंच असतं. एकाने वाट अडवायची आणि दुसऱ्याने न भांडता उपाशी राहायचं. टिकलीचं वजन योग्य होतं ते केवळ दिवसा सोन्या झोपलेला असताना ती घाईघाईने खाऊन घ्यायची म्हणून. ताई म्हणाल्या, तिला अधूनमधून उलटी होते, खाल्लेलं तसंच्या तसं बाहेर येतं. बकाबका खाल्ल्याने तसं होऊ शकतं.

पहाटे तीनला सोन्या उठला आणि मोठ्या वाटीतून सावकाश पोटभर खाल्लं. पाचला शेरू आला आणि उरलेलं चाटून पुसून गेला. सकाळी ताईंना वाटी रिकामी दिसली आणि त्यांनी ती भरली.

मग आठवडाभर घरच्यांनी खाण्याची पिशवी रोज सकाळी वजन केली. मोठ्या वाटीसाठी आणि सोन्यासाठी मिळून रोज सरासरी २९० ग्रॅम जात होते. तिन्ही मांजरांची मिळून गरज मी काढली तर ती सुमारे ६३० किलोकॅलरी, म्हणजे १७२ ग्रॅमच्या आसपास येत होती. रोज ११८ ग्रॅम, म्हणजे ४३० किलोकॅलरी जादा, आणि त्या जात होत्या सोन्याच्या, शेरूच्या आणि आजारामुळे दुप्पट भूक लागलेल्या माईच्या पोटात. हातावरचा खाऊ यात धरलेलाच नव्हता.

सामायिक वाटीचा धोका मला त्या आठवड्यात जितका स्पष्ट दिसला तितका आधी कधी दिसला नव्हता. ती रिकामी होते तेव्हा कुणीतरी खाल्लं एवढंच कळतं. जाड होणारा बोका आणि वाळत जाणारी मांजरी एकाच वाटीतून खात होती आणि वाटीकडे पाहून सगळं ठीक चाललंय असं वाटत होतं.

समोर असलेले मार्ग

पहिला विचार घरच्यांनीच मांडला: सगळ्यांनाच वजन कमी करण्याचं खाणं देऊ, म्हणजे कुणी कुठूनही खाल्लं तरी चालेल. सोय म्हणून हा मार्ग सगळ्यांत मोहाचा आणि या घरात सगळ्यांत चुकीचा. माईला त्यातून पुरेसं मिळालं नसतं.

दुसरा: दिवसातून तीनदा ठरलेल्या वेळी खाणं, समोर बसून, आणि वीस मिनिटांनी सगळ्या वाट्या उचलायच्या. सोन्यासाठी हे चांगलं. पण मांजर हा मुळात थोडं थोडं, अनेकदा आणि एकट्याने खाणारा प्राणी आहे. माईसारख्या आजारी मांजरीला तीनच जेवणांवर ठेवणं मला पटत नव्हतं, आणि टिकली तर कुणी समोर बसलं की खातच नाही.

तिसरा: खोल्या वेगळ्या करायच्या. खर्च नाही, पण दारं बंद ठेवायला माणूस लागतो आणि रात्री दार बंद राहिलं तर मलमूत्राचा ट्रे, पाणी, सगळंच दोन ठिकाणी लागतं.

चौथा: मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखणारा फीडर, म्हणजे झाकणाची वाटी. त्याचं झाकण नोंदवलेल्या मांजराची चिप जवळ आली की उघडतं, ते बाजूला झालं की मिटतं. तीन घ्यायची त्यांची तयारी नव्हती, एकच घेता येणार होता. मग तो कुणासाठी? घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच होतं: सोन्यासाठी, तोच लठ्ठ आहे. माझं मत उलट पडलं. सोन्याला कुलपातलं खाणं देऊन काय साधणार, तो ते संपवून दुसऱ्याच्या वाटीकडे वळणारच. कुलूप लागतं ते ज्याचं खाणं दिवसभर उघड्यावर राहायला हवं आणि इतरांनी खायला नको, त्याला. म्हणजे माईला. यावर अर्धा तास चर्चा झाली. ताईंचे पती म्हणाले, "म्हणजे जाड्याचा इलाज म्हणून बारकीला फीडर." तेच.

काय केलं

मोठी वाटी त्याच दिवशी उचलली. माझ्या मते पूर्ण प्रकरणातला सगळ्यांत परिणामकारक निर्णय हा, आणि त्याला एक मिनिटही लागलं नाही.

माईला वाढलेला थायरॉइड आटोक्यात आणणारी गोळी दिवसातून दोनदा सुरू केली. रक्त घेतानाच तिच्या मानेच्या कातडीखाली चिप बसवली. फीडरच्या झाकणाचा आवाज तिला दचकवत होता, म्हणून पहिले पाच दिवस झाकण उघडंच ठेवलं, मग अर्धवट मिटणारं, मग पूर्ण. तेवढे दिवस ती खाताना मुलगी शेजारी बसायची. माई खात असताना सोन्या बाजूने डोकं घुसवायचा. त्यावर मुलीनेच उपाय काढला. तिने फीडर एका खोक्यात बसवला आणि खोक्याला एकच मांजर जाईल एवढं तोंड ठेवलं.

टिकलीची वाटी कपाटाच्या वर गेली, साडेचार फुटांवर. सोन्या तिथे उडी मारू शकत नव्हता. वर बसून खायला मिळाल्यावर तिचं उलटणं दोन आठवड्यांत थांबलं.

शेरूला त्याचं खाणं बाल्कनीत, पंधरा मिनिटं, मग वाटी आत. कुत्र्याचं खाणं मांजराने खाऊ नये याला केवळ वजनाचं कारण नाही. मांजराला टॉरिन हा पोषक घटक खाण्यातूनच मिळावा लागतो आणि कुत्र्यांच्या खाण्यात त्याची हमी नसते.

सोन्याच्या २०० किलोकॅलरींची मांडणी बदलली. १०० ग्रॅम ओलं खाणं, त्याचे ८०, आणि ३३ ग्रॅम कोरडं, त्याचे १२०. ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत वाटी भरलेली दिसते आणि पोटालाही जाणवते. ही दोन्ही खाणी वजन कमी करण्यासाठीचीच, भरपूर प्रथिनांची निवडली. कॅलरी तोडताना प्रथिनं तुटली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. मोजमापाचा कप बंद केला आणि ग्रॅमचा काटा आणला. कपाने भरताना प्रत्येकाचा हात वेगळा पडतो, आणि ३३ ग्रॅममध्ये पाच-सात ग्रॅमची चूक म्हणजे पाचवा हिस्सा.

आणि आजी. आजींबद्दल घरातले दबक्या आवाजात बोलत होते, "त्या देतातच काहीतरी, कितीही सांगा." मी आजींशी स्वतः बोलले. त्या म्हणाल्या, "दुपारी घरात कुणी नसतं. तो माझ्या पायाशी येऊन बसतो. नुसतं कसं पाठवू त्याला?" याला काय उत्तर देणार? सोन्याच्या ३३ ग्रॅमपैकी ८ ग्रॅम सकाळीच एका छोट्या डबीत काढून आजींकडे द्यायचे ठरवलं. दुपारी त्या एकेक दाणा लांब टाकायच्या आणि सोन्या धावत जाऊन आणायचा. खाऊ बंद झाला नाही, फक्त तो रोजच्या मापातून येऊ लागला, आणि बोक्याची पावलं हलली. घरातल्या इतर कुणाहीपेक्षा हा नियम आजींनी काटेकोरपणे पाळला.

सोन्याने तोंड फिरवलं

जुन्या खाण्यात नवं हळूहळू वाढवत दहा दिवसांत पूर्ण बदल करायचा असं ठरलं होतं. सहाव्या दिवशी सोन्याने खाणं हुंगलं आणि निघून गेला. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला, तेव्हा चोवीस तास उलटून गेले होते. घरात वाद चालू होता. ताईंचे पती म्हणत होते, भूक लागली की खाईल, लठ्ठच आहे, एक-दोन दिवस उपाशी राहिला तर चांगलंच.

कुत्र्याच्या बाबतीत हा विचार एखादे वेळी खपून जातो. मांजराच्या बाबतीत, त्यातही लठ्ठ मांजराच्या, तो जीवावर बेतू शकतो. खाणं थांबलं की शरीरातली चरबी झपाट्याने यकृताकडे येते, मांजराच्या यकृताला ती पेलत नाही, आणि काही दिवसांत कावीळ होऊन मांजर अत्यवस्थ होतं. जितकं लठ्ठ, तितका धोका जास्त. मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता जुनं खाणं पुढे ठेवा, कोमट करून. त्याने ते खाल्लं. मग बदलाला दहाऐवजी चोवीस दिवस लागले. वजनाचं वेळापत्रक दोन आठवड्यांनी मागे पडलं आणि मला त्याची जराही खंत नाही.

मध्येच थांबलेला काटा

दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, लहान बाळांच्या वजनकाट्यावर तिन्ही मांजरं आणि शेरूला घेऊन मोठ्या काट्यावर ताईंचे पती. माणसाच्या काट्यावर मांजराला उचलून वजन करतात, पण आठवड्याला पन्नास ग्रॅमचा फरक त्यात दिसत नाही. आमचं लक्ष्य आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे सुरुवातीला ३६ ते ७३ ग्रॅम एवढंच होतं.

मोठी वाटी उचलल्यापासून आठव्या आठवड्यात सोन्या ६.८५ वर आला, बाराव्यात ६.७. मग चार आठवडे काटा हललाच नाही. सोळाव्या आठवड्यातही ६.७. इथे पुन्हा तीच वेळ आली: कमी करायचं का? अनेकदा उतरणाऱ्या वजनाबरोबर गरजही घटते आणि दहा टक्के कपात करावी लागते. पण आधी पुन्हा एकदा चित्रण केलं. त्यात सोन्या आधी खुर्चीवर, खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून कपाटावर चढला, आणि टिकलीची वाटी पुसून खाल्ली.

सहाशे ग्रॅम उतरल्यावर त्याला उडी मारता येऊ लागली होती! टिकलीचं खाणं ज्या उंचीने सुरक्षित होतं ती उंची आमच्याच यशाने निकामी झाली. मुलगी हे बघून इतकी खूश झाली की तिने ते चित्रण सगळ्यांना दाखवलं. मीही खूश झाले. तीन वर्षांत तो कपाटावर चढला नव्हता. पण योजना करताना हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. टिकलीचं खाणं मुलीच्या खोलीत हलवलं आणि दाराला अशी साखळी लावली की टिकली आत जाईल आणि सोन्या अडेल. तो आणखी बारीक झाल्यावर हेही चालणार नाही हे तेव्हाच लिहून ठेवलं, आणि पुढे दुसरा फीडर घ्यावाच लागला.

निकाल

चोविसाव्या आठवड्यात सोन्या ६.३५ आणि चाळिसाव्यात ५.८ किलो. ठेवण ६. फासळ्या हाताला लागतात, वरून कंबर दिसते, पाठीचे स्नायू भरलेले आहेत. साडेपाच गाठायचं का यावर आम्ही बोललो आणि मी थांबू या म्हणाले. त्याचा सांगाडाच मोठा आहे, तो आनंदात आहे, घरही दहा महिन्यांनी थकलं आहे. मिळवलेलं टिकवणं हे शेवटच्या तीनशे ग्रॅमपेक्षा मोलाचं वाटलं. रोजच्या कॅलरी हळूहळू २३० पर्यंत नेल्या. रविवारचं वजन चालू आहे.

टिकली ३.९ वर स्थिर आहे. शेरू १३.२ वर आला, त्याच्यासाठी वेगळं काहीच केलं नाही, फक्त पहाटेचं उष्टं बंद झालं.

माई बाराव्या आठवड्यात ३.६ आणि आता ३.७. चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं तेव्हा थायरॉइड आटोक्यात होतं, पण क्रिएटिनिन मर्यादेच्या थोडं वर गेलं होतं. वाढलेल्या थायरॉइडमुळे किडनीतून रक्त जोरात फिरतं आणि तिचा दुबळेपणा झाकला जातो. थायरॉइड ताब्यात आला की तो उघडा पडतो. गोळी बंद करणं हा उपाय नव्हता. किडनीचं खाणं फीडरमध्ये जुन्याबरोबर थोडं थोडं मिसळत नेलं आणि ती खाणं सोडत नाही ना याकडे जास्त लक्ष ठेवलं. चिपचा फीडर इथे दुसऱ्यांदा कामी आला: किडनीचं खाणं फक्त माईच्याच पोटात जातं आणि माईने किती खाल्लं ते रोज ग्रॅममध्ये कळतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी, पहिल्याच दिवशी "घरात आणखी कोण कोण आहे?" हा प्रश्न विचारून सगळ्यांची वजनं मागवायला हवी होती. मी एका लठ्ठ बोक्याचा इलाज करत होते आणि त्याच वाटीवरची मांजरी आजारी होती. पाच आठवडे तिचं निदान लांबलं. "वाटी निम्मी केली" असं कानावर येताच पुढचा प्रश्न विचारते आता: त्या वाटीवर कोण कोण आहे?

चित्रणही पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं. घरचे खोटं बोलत नसतात. त्यांना जे दिसतं तेच ते सांगतात, आणि मांजरं बरंच काही माणसं झोपल्यावर करतात.

आजींना निरोप दुसऱ्यांमार्फत पाठवण्यात मी पहिले पाच आठवडे घालवले. त्या माझ्याशी दहा मिनिटं बोलल्या आणि प्रश्न सुटला.

खाणं बदलण्याआधीच "चोवीस तास खाल्लं नाही तर फोन करा" हे मी तोंडी सांगितलं होतं, ताईंना. ताईंच्या पतींपर्यंत ते पोहोचलं नव्हतं. आता मी ते कागदावर लिहून फ्रिजवर लावायला देते.

आणि माईचा रक्तदाब. थायरॉइड आणि किडनी, दोन्ही आजारांत तो वाढू शकतो आणि वाढला तर मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते. वजनांच्या गडबडीत मी तो अजून मोजलेला नाही. पुढच्या आठवड्यात ती रक्त द्यायला येईल तेव्हा आधी अर्धा तास तिला शांत खोलीत मुलीच्या मांडीवर बसवायचं आणि मग मोजायचा, असं ठरलं आहे.